दुकानातील काटा आणि ताटातील अन्न

आपल्या समाजाचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या तराजूच्या विश्वासावर चालत आला आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान हा एक आहे. घेताना जास्त भरणारी आणि देताना कमी भरणारी मापे-वजने बाळगणे, असा त्याचा अर्थ. म्हणजे तोल हा विषय आपल्याकडे केवळ सरकारी कायद्याचा नसून व्रताचाही आहे. पोत्यामागे शंभर-दोनशे ग्रॅमची तूट दिसली तर मापाड्यास बोलावून फेरतोल करविणारे आपण व्यापारी, तेच धान्य शिजून आपल्या ताटात आले म्हणजे त्याचे वजन किती, हा प्रश्न मात्र सहसा विचारीत नाही. त्या प्रश्नाचा थोडा विचार या लेखात करावयाचे योजिले आहे.

आहारशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु धान्य, कडधान्य व तेल यांच्या ठोक व्यापारात आमची हयात गेली आहे. आणि आहाराची मोजणी हे काम बहुतांशी तोलाचे व हिशेबाचे असल्यामुळे, त्या बाजूने चार गोष्टी सभासद बंधुभगिनींपुढे ठेवणे अनुचित होणार नाही असे वाटते.

विषयाची निकड

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे दिसून आले. प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण ११.४ टक्के आढळले, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक आढळले. दिवसभर गादीवर वा खुर्चीवर बसून व्यवहार करणारा आपला वर्ग या संकटाच्या अगदी वाटेवर बसलेला आहे. आपल्यापैकी ज्या घरात रक्तातील साखरेची, रक्तदाबाची वा हृदयाची गोळी रोज घेतली जात नाही, असे घर आता शोधावे लागेल.

अशा वेळी वैद्य सांगतात, ‘आहार कमी करा.’ रोगी उत्तर देतो, ‘आम्ही खातोच किती? दोन पोळ्या आणि मूठभर भात!’ हा मनुष्य खोटे बोलत नसतो. त्याचा अंदाज खोटा असतो. न्यूयॉर्क येथील संशोधकांनी १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अत्यल्प आहार घेऊनही आपले वजन उतरत नाही अशी ज्यांची तक्रार होती, अशा दहा स्थूल व्यक्तींचा खरा आहार शास्त्रीय पद्धतीने तपासण्यात आला. त्या व्यक्तींनी स्वतः लिहून दिलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाला. ज्या पेढीच्या कीर्दीत जवळजवळ निम्मा खर्च लिहिलाच जात नाही, त्या पेढीचा ताळेबंद कसा जमावा? शरीराच्या बाबतीतही तेच घडते.

उष्मांक म्हणजे काय

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जितकी उष्णता लागते, तिला आहारशास्त्रात एक उष्मांक किंवा कॅलरी म्हणतात. अमेरिकेतील विल्बर अ‍ॅटवॉटर या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक प्रयोग करून जे आकडे बसविले, ते आजही ढोबळ मानाने वापरले जातात. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या एका ग्रॅमपासून ४ उष्मांक आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून ९ उष्मांक मिळतात, असे ते आकडे आहेत.

आपल्या देशातील अन्नपदार्थांचे पृथक्करण निलगिरीतील कुन्नूर येथील प्रयोगशाळेत सुरू झाले. ती संस्था १९५८ साली हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. तिने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची नवी कोष्टके प्रसिद्ध केली. जुनी व नवी कोष्टके समोर ठेवून पाहिली असता आमच्यासारख्या धान्यव्यापाऱ्याच्या नजरेत एक गोष्ट चटकन भरते. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, तूरडाळ या सर्वांचे उष्मांक १०० ग्रॅमला सुमारे ३२० ते ३६० एवढ्या अरुंद पट्ट्यात आहेत. बाजारात त्यांच्या भावांत कितीही अंतर असो, उष्मांकांच्या हिशेबी ती जवळजवळ एका भावाची आहेत. शेंगदाणा मात्र १०० ग्रॅमला ५०० च्या वर जातो, आणि तेल-तूप ९०० च्या घरात. यावरून तोलताना कोठे डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे आणि कोठे थोडे सैल सोडावयाचे, हे आपोआप ठरते.

त्याच संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींप्रमाणे बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाची दैनिक गरज सुमारे २,११० उष्मांक, आणि ५५ किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या स्त्रीची सुमारे १,६६० उष्मांक आहे. हे आकडे सरासरीचे आहेत. प्रत्येकाने आपले वय, वजन व व्याधी पाहून आपला आकडा वैद्याकडून ठरवून घ्यावा.

माप आणि तोल यांतील भेद

आमच्या वडिलांच्या काळी धान्य पायलीने, अधोलीने मोजले जाई; आणि एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे. कोणी शीग लावून भरी, कोणी फळी फिरवून. वजनांचा दशमान कायदा १९५६ साली झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने बाजारात येऊ लागली, आणि तो घोळ व्यापारातून हळूहळू नाहीसा झाला. स्वयंपाकघरात मात्र वाटी आणि चमचा यांच्या रूपाने पायलीचे राज्य अद्याप चालू आहे.

दीडशे मिलिलिटर पाणी मावणारी एक वाटी घ्या. तिच्यात कच्चा तांदूळ सुमारे १२० ग्रॅम बसतो. कणीक हलक्या हाताने भरली तर ७५ ते ८० ग्रॅम बसते आणि दाबून भरली तर ९० च्या पुढे जाते. वाटी एकच, गृहिणी एकच, पण कणकेचा तोल हाताच्या दाबाप्रमाणे बदलला. शिवाय ‘वाटी’ म्हणजे कोणती वाटी? आपल्या घरांत आमटीची वाटी वेगळी, श्रीखंडाची वेगळी आणि लग्नात अहेर आलेली वेगळी. म्हणून पहिला नियम असा, की घन पदार्थ मापाने मोजू नये, तोलावा.

येथे जुन्या पाककृतींच्या वह्यांविषयीही सांगितले पाहिजे. अनेक घरांत आजीच्या हातच्या वह्या आहेत आणि त्यांत पावशेर, छटाक, तोळा असे उल्लेख असतात. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पावशेर म्हणजे २३३ ग्रॅम. ५ तोळ्यांची छटाक म्हणजे ५८ ग्रॅम. आणि तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. आज बोलण्यात पावशेर म्हणून आपण २५० ग्रॅम घेतो. वहीतील पावशेर तुपाच्या जागी आजचा पावशेर घेतला, तर १७ ग्रॅम तूप, म्हणजे सुमारे दीडशे उष्मांक, कोणाच्याही ध्यानात न येता कढईत पडतात.

कच्चे की शिजलेले

आहार मोजणाऱ्यांच्या हिशेबात सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो. कोष्टकातील ‘तांदूळ, १०० ग्रॅमला ३५० उष्मांक’ हा आकडा कच्च्या, कोरड्या तांदळाचा आहे. तो शिजला म्हणजे पाणी पिऊन अडीच ते तीनपट जड होतो. पाण्यात उष्मांक नाहीत. म्हणून तोच आकडा शिजलेल्या भातास लावणारा मनुष्य आपला आहार अडीच-तीनपट फुगवून लिहितो. उलट, भाताचा आकडा कच्च्या तांदळास लावणारा त्याच प्रमाणात कमी लिहितो.

जुना तांदूळ पाणी अधिक पितो, नवा कमी, हे धान्याच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. समजा, १०० ग्रॅम नव्या तांदळाचा भात २५० ग्रॅम झाला आणि तितक्याच जुन्या तांदळाचा ३०० ग्रॅम झाला. आता दोन्हींतील १५० ग्रॅम भात ताटात घेतला, तर पहिल्यात २१० उष्मांक येतील आणि दुसऱ्यात १७५. भाताचे वजन तेच, पण तांदळाचे तेच नव्हे. यास्तव शक्य तेथे कच्चा जिन्नसच तोलावा. शिजलेल्या पदार्थाचा आकडा पुस्तकातून न घेता आपल्याच पातेल्यातून काढावा.

धान्याच्या ओलाव्याविषयीही दोन शब्द लिहितो. सरकारी खरेदीत गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत पूर्ण दराने आणि त्यापुढे १४ टक्क्यांपर्यंत दर कापून घेतात, हे आपणास ठाऊक आहे. एक-दोन टक्क्यांचा हा फरक खंडीच्या व्यवहारात नफा खाऊन टाकतो. पण एका माणसाच्या दिवसभराच्या धान्यात तो चार-पाच ग्रॅमांपलीकडे जात नाही. घरी त्याची चिंता करू नये.

बारदान वजा करण्याची रीत

आता पातेल्यातून आकडा कसा काढावयाचा ते पाहू. आपल्या धंद्यात पोत्यासकट वजन घेऊन त्यातून बारदान वजा करतात व निव्वळ माल ठरवितात. स्वयंपाकघरातही हीच रीत लावावयाची. घरातील नेहमीच्या चार-पाच पातेल्यांची रिकामी वजने एकदा घेऊन ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावीत. ही आपली बारदानाची यादी झाली.

वरणाचे उदाहरण घेऊ. तूरडाळ १५० ग्रॅम, तिचे सुमारे ५०० उष्मांक. फोडणीस तूप १५ ग्रॅम, त्याचे १३५. हळद, हिंग, मीठ यांचे उष्मांक सोडून द्यावे. एकूण ६३५ झाले. वरण तयार झाल्यावर भरलेले पातेले काट्यावर ठेवले; वजन १,५९० ग्रॅम आले. पातेल्याचे बारदान ६४० ग्रॅम. निव्वळ वरण ९५० ग्रॅम. म्हणजे ९५० ग्रॅमांत ६३५ उष्मांक. त्या भावाने १५० ग्रॅमांच्या एका वाटीत १०० उष्मांक. उद्या वरण पातळ झाले, तर निव्वळ वजन वाढेल आणि वाटीचे उष्मांक आपोआप उतरतील. पातळ-घट्ट वरणाचा वाद या एका त्रैराशिकाने मिटतो.

पोळीची रीत निराळी. येथे भाजलेली पोळी न तोलता गोळा तोलावा. कारण भाजताना पाण्याची वाफ होऊन घट येते, आणि ती आच व जाडी यांवर अवलंबून असते. कणीक ३०० ग्रॅम, पाणी १९० ग्रॅम व मोहन १० ग्रॅम मिळून ५०० ग्रॅमांचा उंडा झाला, तर ५० ग्रॅमांचा एक याप्रमाणे दहा गोळे होतात. प्रत्येकात ३० ग्रॅम कणीक व १ ग्रॅम तेल, म्हणजे सुमारे १०५ ते ११० उष्मांक. पहिले आठ दिवस गोळे तोलून करावेत; मग हातालाच तो बसतो. पोळीवर वरून ५ ग्रॅम तूप लावले, तर आणखी ४५ उष्मांक चढतात. म्हणजे तीन तूप लावलेल्या पोळ्या या जवळजवळ सव्वाचार कोरड्या पोळ्यांबरोबर झाल्या. ‘आम्ही तीनच पोळ्या खातो’ असे म्हणणाऱ्याच्या हिशेबात ही सव्वा पोळी कोठेच लिहिलेली नसते.

भाकरीचे पीठ मात्र अवश्य तोलावे. कारण भाकरी घराघरांत लहानमोठी होते, आणि ६० ग्रॅम पिठाची भाकरी व ९० ग्रॅम पिठाची भाकरी यांत शंभर उष्मांकांचे अंतर पडते.

तेल-तुपाचा जमाखर्च

ज्या जिनसाचा भाव चढा, त्याचा तोल अधिक बारीक, हा बाजाराचा नियम आहे. धान्य काट्यावर तोलणारा मनुष्य केशर काट्यावर तोलत नाही, त्यासाठी लहान तराजू काढतो. उष्मांकांच्या बाजारात तेल-तूप हा सर्वांत चढा जिन्नस आहे. भातात १० ग्रॅमांची चूक झाली तर १२-१३ उष्मांकांचा फरक पडेल. तेलात १० ग्रॅमांची चूक झाली तर ९० उष्मांकांचा पडेल.

तेल वाटीत ओतून तोलण्यापेक्षा तेलाचे भांडेच काट्यावर ठेवावे, आकडा शून्यावर आणावा, लागेल तेवढे तेल कढईत ओतावे आणि भांडे पुन्हा काट्यावर ठेवावे. काट्यावर उणे जितके ग्रॅम दिसतील, तितके तेल खर्ची पडले. यात वाटीला चिकटून राहणाऱ्या तेलाची तूटही येत नाही. काटा नसेल तर ५ मिलिलिटरचा सपाट भरलेला चमचा वापरावा. त्यात सुमारे साडेचार ग्रॅम तेल, म्हणजे ४० उष्मांक असतात. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे. ते सुमारे ९१० ग्रॅम भरते, हेही ध्यानात असावे.

रोज तोलणे ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी आमच्या पेढ्यांवरील एक जुनी रीत फार उपयोगी आहे. आरंभीची शिल्लक, अधिक खरेदी, उणे अखेरची शिल्लक, बरोबर खप. घरात तेलाचा १५ किलोचा डबा ज्या दिवशी फोडला, त्या दिवशी त्यावर तारीख लिहावी. समजा, घरात सहा माणसे आहेत आणि डबा ६० दिवसांत संपला. १५,००० ग्रॅमांस ३६० ने भागले असता माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम तेल आले. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ सालच्या आपल्या मार्गदर्शनात २,००० उष्मांकांच्या आदर्श ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. म्हणजे नुसत्या तेलात माणशी रोज १५ ग्रॅम, अर्थात १३५ उष्मांक अधिक गेले. आणि तूप, लोणी व बाहेरचे फरसाण यांचा हिशेब अद्याप व्हावयाचाच आहे! देवापुढील दिव्याचे तेल, पाहुण्यांचा खप व तळणीनंतर टाकून दिलेले तेल या खपातून वजा करावे. या एका आकड्याने घरातील आहाराचे जितके दर्शन घडते, तितके महिनाभर वाट्या मोजूनही घडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

तेलाचेच भाऊबंद म्हणजे शेंगदाण्याचे कूट, सुके खोबरे, तीळ व काजू. भाजीत पडणारे १० ग्रॅम कूट ५० उष्मांकांहून अधिक आणते. दुकानात भाव ठरवता ठरवता नमुन्याच्या पोत्यातून उचललेली शेंगदाण्यांची मूठ ३० ग्रॅम भरली, तर दीडशेहून अधिक उष्मांक झाले, म्हणजे दीड कोरडी पोळी. असे नमुने दिवसातून किती वेळा ‘पाहिले’ जातात, हे ज्याचे त्याने आठवावे.

काटा कसा असावा

घरासाठी ५ किलोपर्यंत भार घेणारा आणि १ ग्रॅमपर्यंत दाखविणारा विजेच्या घटावर चालणारा काटा पुरेसा आहे. त्याच्या आत धातूचा एक लहान तुकडा भाराने किंचित वाकतो आणि त्या वाकण्यामुळे विजेच्या प्रवाहात जो बदल होतो, तो आकड्यांत दिसतो. बारदान शून्य करण्याची कळ त्याला असावी. तथापि काटा १ ग्रॅम दाखवितो म्हणजे तो १ ग्रॅमपर्यंत बिनचूक आहे असे समजू नये. दोन-चार ग्रॅमांचा जिन्नस तोलताना त्यावर फार विश्वास ठेवू नये. काही काटे अगदी सावकाश पडणारी धार ओळखत नाहीत व तिला शून्यच समजतात. म्हणून जिन्नस थेंबाथेंबाने न घालता एकदम घालावा.

दुकानातील विजेच्या काट्याची दर वर्षी सरकारी तपासणी करून घेणे कायद्याने आवश्यक आहे. घरच्या काट्याला ते बंधन नाही, म्हणून तपासणी आपणच करावी. आणि येथे आपणा व्यापाऱ्यांची मोठी सोय आहे. दुकानातील छाप मारलेली १०० ग्रॅम, ५०० ग्रॅम व १ किलोची वजने महिन्यातून एकदा घरी आणून काट्यावर ठेवून पाहावीत. काटा सपाट, टणक जागी असावा. खाली कापड वा वर्तमानपत्र नसावे. वजन एकदा मधोमध व एकदा कडेला ठेवावे. जुन्या दांडीच्या तराजूत जसा पासंग निघे, तसा याही काट्यात निघू शकतो. फरक कायमचा व एका बाजूचा असेल तर तो ध्यानात ठेवून हिशेब करावा. आज एक आणि उद्या दुसरा असेल तर काटा बदलावा.

वेष्टनावरील आकडे

बाजारच्या बंद पुड्यांवर आता उष्मांक छापलेले असतात. ते वाचताना प्रथम पाहावे, की हा आकडा १०० ग्रॅमचा आहे, एका वाढपाचा आहे, की साऱ्या पुड्याचा. समजा, २०० ग्रॅमच्या पुड्यावर वाढप २० ग्रॅमचे धरून ‘९० उष्मांक’ असे लिहिले आहे. दुपारच्या चहाबरोबर अर्धा पुडा संपविणारा मनुष्य त्या ९० वर समाधान मानील, पण त्याच्या पोटात ४५० गेलेले असतात. मालाचा भाव क्विंटलचा की किलोचा, हे विचारल्याशिवाय आपण सौदा करीत नाही. येथेही तीच दक्षता ठेवावी.

अचूकपणाची मर्यादा

एवढे सांगितल्यावर एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. कोष्टकांतील आकडे अनेक नमुन्यांच्या सरासरीचे असतात. जात, जमीन व साठवण यांप्रमाणे प्रत्यक्ष माल थोडा वेगळा असतो. त्यामुळे सर्व काही बिनचूक तोलले तरी दिवसाच्या बेरजेत शेकडा पाच-दहाचा फरक राहणारच. काकडी, पालक, दुधी भोपळा यांचा ग्रॅम-ग्रॅम टिपत बसणे व्यर्थ होय. आम्ही अशी पायरी सुचवू: तेल, तूप, कूट, साखर व सुका मेवा १ ग्रॅमपर्यंत, धान्य व डाळ ५ ग्रॅमपर्यंत, दूध व फळे २५ ग्रॅमपर्यंत, पालेभाज्या व फळभाज्या अंदाजाने. रोज तोलण्याचीही आवश्यकता नाही. प्रथम दोन आठवडे काटेकोर तोलावे. नंतर महिन्यातून तीन दिवस फेरतोल करावा. तेवढ्याने डोळ्यांचा अंदाज ताळ्यावर राहतो.

वाढत्या वयाची मुले, गर्भवती व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, आणि वार्धक्याने कृश झालेली मंडळी यांचा आहार कमी करण्यासाठी काटा वापरू नये. इन्शुलिन वा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्याच्या सल्ल्याशिवाय आहार एकदम उतरविल्यास साखर धोकादायक रीतीने खाली जाते. तसेच जेवताना सतत आकड्यांचा ध्यास लागून अन्न विषासारखे वाटू लागले, तर काटा काही दिवस कपाटात ठेवावा आणि वैद्याशी बोलावे. आणि पाहुण्यांच्या ताटाकडे काट्याच्या नजरेने कधीही पाहू नये, हे सांगावयास नको.

आणखी एक नाजूक गोष्ट. अन्न टाकावयाचे नाही, ही आपल्या घरांची रीत स्तुत्य आहे. परंतु तिचा भार कोणावर पडतो? सर्वांची जेवणे झाल्यावर पातेल्यात उरलेला भात, मुलाने अर्धी टाकलेली पोळी, तळाशी राहिलेली खीर, हे सारे मुकाट्याने गृहिणीच्या पोटात जाते. आणि ते तिच्या ताटात कधीच वाढले गेले नसल्यामुळे तिच्या किंवा वैद्यांच्या हिशेबातही येत नाही. काही घरांत याच्या अगदी उलट घडते: मागाहून बसणाऱ्या तिच्या वाट्याला डाळ-भाजी उरतच नाही, आणि ती भात व लोणचे खाऊन उठते. दोन्ही प्रकार अन्यायाचे आहेत. मुळातच कच्चा जिन्नस माणसांच्या हिशेबाने तोलून शिजविला, तर शेष फारसा राहत नाही आणि शेवटच्या पंगतीस तूटही येत नाही. घरात काटा आणण्याचे दुसरे कोणतेही कारण नसले, तरी एवढे एक कारण आम्हांस पुरेसे वाटते.

ऊनोदरीचा विचार

मोजून खाणे ही कल्पना आपणास परकी नाही. सहा बाह्य तपांत अनशनाच्या पाठोपाठ अवमौदर्य, म्हणजेच ऊनोदरी, सांगितली आहे. उपवासात अन्न सोडणे असते, ऊनोदरीत अन्नासमोर बसून भुकेपेक्षा कमी घेणे असते. आपल्या ग्रंथांनी तिलाही माप लावून ठेवले आहे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवलांचा व स्त्रीचा २८ कवलांचा, आणि त्याहून एक कवल जरी कमी घेतला तरी ऊनोदरी घडली. दिगंबर परंपरेच्या ग्रंथांत एक कवल म्हणजे तांदळाचे एक हजार दाणे, असे परिमाण दिलेले आढळते.

हजार दाण्यांचे वजन ही आजही धान्याची प्रत ठरविण्याची एक मान्य कसोटी आहे, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. तांदळाच्या जातीप्रमाणे ते साधारण १५ ते २५ ग्रॅम भरते. मध्यम २० ग्रॅम धरल्यास ३२ कवलांचे ६४० ग्रॅम होतात. यावरून आजच्या उष्मांकांशी मेळ घालण्याचा अट्टाहास आम्ही करणार नाही. कारण दाण्याच्या जातीने हिशेब बराच खाली-वर होतो. परंतु ज्यांनी ‘थोडे कमी खा’ एवढ्यावर न थांबता दाण्याच्या संख्येपर्यंत माप नेले, त्यांनी कमी म्हणजे किती हे ठाऊक असल्यावाचून कमी करता येत नाही, हे पुरते ओळखले होते. एकाशन करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. एकदा जेवण्याचे पुण्य आपल्या जागी आहे. शरीर मात्र एकूण बेरीज पाहते.

सारांश, घन जिन्नस तोलावा, मापू नये. कच्चा तोलावा, शिजलेला तोलल्यास बारदान वजा करून आपल्या पातेल्याचा भाव काढावा. पोळीचा गोळा तोलावा. तेलाच्या डब्यावर तारीख लिहावी. वेष्टनावरील आकडा कशाचा आहे ते पाहावे. आणि छाप मारलेल्या वजनाने घरचा काटा पारखावा. यांपैकी कोणतीही गोष्ट व्यापाऱ्याच्या घरात अवघड नाही. वजने आपल्यापाशी आहेत, हिशेब आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे. गिऱ्हाइकाचा माल तोलताना आपण जी चोख दृष्टी ठेवतो, तीच आपल्या व आपल्या घरच्यांच्या ताटाकडे वळवावी, एवढीच विनंती. येत्या वर्षात सर्व सभासद कुटुंबांना आरोग्य लाभो, अशी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.